जुना आयपॉड : आधी वाचवा, मग वाजवा

आज खिशातल्या मोबाईलवर जगातलं कुठलंही गाणं लागतं, मग वीस वर्षांपूर्वीचा म्युझिक प्लेअर कशाला हवा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. होस्टेलवर मलाही तो रोज विचारतात. उत्तर सोपं आहे. मोबाईलवर जे लागतं ते कुणीतरी इंटरनेटवर चढवलेलं असतं. जे कुणीच चढवलं नाही, ते फक्त कुणाच्या तरी जुन्या पेटीत, कॅसेटवर किंवा बंद पडलेल्या प्लेअरमध्ये असतं. हा लेख अशाच एका प्लेअरबद्दल आहे. तो चालू कसा करायचा, त्यातला माल बाहेर कसा काढायचा आणि आज तो वापरायचा कसा, हे मी स्वतः केलं तसं सांगतो.

आधी थोडा इतिहास. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन नावाचा प्लेअर आणला. त्याची मेमरी ३२ एमबी. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी! मग २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने पहिला आयपॉड दाखवला. त्यात ५ जीबीची १.८ इंची हार्डडिस्क होती आणि दावा होता एक हजार गाण्यांचा. ऑक्टोबर २००५ मध्ये पाचव्या पिढीचा, व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड टच बंद केला आणि आयपॉडचं खातंच मिटलं.

आमच्या घरी आहे तो पाचव्या पिढीचा, ३० जीबीचा. मामांनी पुण्याला नोकरी लागल्यावर २००६ मध्ये घेतला. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावी ते दिवाळीला आले, तेव्हा घरातल्या कॅसेट त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि या आयपॉडमध्ये भरल्या. त्या कॅसेटमध्ये मंडईच्या रात्री होत्या. दिवाळी झाली की आपल्या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाटक होतं, हे भंडाऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. आमचे आबाजी दंडारीत गायचे. पुढे कॅसेटला पावसाळ्यात बुरशी लागली, मामांचा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि आबाजीही गेले. आबाजींचा आवाज उरला तो या एका डबीत, आणि ती डबी दहा वर्षं बंद होती.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचं आता नाव झालं आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण गावातल्या गड्यांनी हौसेने केलेल्या दंडारीची नोंद कोण ठेवणार? ती घरच्यांनीच ठेवायची.

आत काय असतं?

वरचं झाकण काढलं की हा आयपॉड म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर आहे. पोर्टलप्लेअर कंपनीचा प्रोसेसर (दोन एआरएम कोर), वुल्फसनची ऑडिओ चिप, ३२ एमबी रॅम, तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क आणि लिथियम-आयन बॅटरी. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे याची ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा हार्डडिस्कवरच, एका वेगळ्या पार्टिशनमध्ये असते. त्यामुळे डिस्क गेली की गाणीही जातात आणि सिस्टिमही. रोगी तपासताना हे डोक्यात असू द्या.

पायरी १ : बॅटरी

चार्ज करण्याआधी आयपॉड सपाट टेबलावर ठेवून बघा. पाठीचं स्टीलचं झाकण फुगलं असेल किंवा कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिला चार्जिंग लावू नका, टोचू नका, दाबू नका. आधी ती बदला. फुगलेली नसेल तर ३० पिनची केबल लावून अर्धा-एक तास वाट बघा. पार उतरलेली बॅटरी लगेच काही दाखवत नाही. पडदा काळा आहे म्हणून यंत्र मेलं असं समजू नका. केबल मला नागपुरात बर्डीवर मिळाली.

बॅटरी बदलायची असेल तर प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवून झाकण उघडावं. स्क्रू ड्रायव्हरने कडा वाकतात. झाकण झटक्यात ओढायचं नाही, कारण बॅटरी मागच्या झाकणाला चिकटलेली असते आणि तिची रिबन केबल बोर्डावर जाते. हेडफोनच्या जॅकचीही एक रिबन असते. एक जरी फाटली तरी काम वाढलं.

पायरी २ : काहीही बदलण्याआधी कॉपी

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. शहरातल्या एका दुकानात मला सांगितलं, "फॉर्मॅट मारून देतो, नव्यासारखा होईल." मी आयपॉड खिशात घातला आणि निघालो. फॉर्मॅट मारला असता तर यंत्र खरंच नव्यासारखं झालं असतं, नव्यासारखंच रिकामं!

दुसरा धोका आयट्यून्सचा. आयपॉड ज्या कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी जोडलेला होता तो सोडून दुसऱ्याला लावला, तर आयट्यून्स विचारतं की जुनं पुसून नवं भरू का? सवयीने 'हो' दाबलं की संपलं. म्हणून कॉपी पूर्ण होईपर्यंत आयट्यून्स उघडूच नका. इन्स्टॉलही करू नका.

आयपॉड विंडोजला लावल्यावर पेनड्राइव्हसारखा दिसला तर उत्तम. नाही दिसला तर डिस्क मोडमध्ये न्या. होल्ड स्विच एकदा पुढे-मागे करा, मेनू आणि मधलं बटण एकत्र धरा, सफरचंद दिसलं की ती सोडून लगेच मधलं बटण आणि प्ले धरा. पडद्यावर डिस्क मोड आल्याचं कळतं.

आता ड्राइव्ह उघडला तर गाण्याचं फोल्डर दिसत नाही. घाबरू नका. विंडोजमध्ये लपलेल्या फाइल दाखवायची सेटिंग चालू करा. 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'म्युझिक', आणि त्यात एफ०० पासून पुढे नंबर टाकलेली फोल्डरं. गाणी तिथेच असतात, पण नावं चार अक्षरांची, काहीच अर्थ नसलेली. खरी नावं आणि प्लेलिस्ट एका वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. म्हणून फक्त म्युझिक नको, अख्खं 'आयपॉड कंट्रोल' फोल्डर कॉपी करा. 'रेकॉर्डिंग्ज' नावाचं फोल्डर असेल तर तेही घ्या. बाहेरून माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग त्यात सापडतं.

कॉपी करताना डिस्क टिकटिक आवाज करू लागली, अडकू लागली, तर ती शेवटच्या घटका मोजते आहे. पुन्हा पुन्हा तीच फाइल ओढू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी डिस्कचा चांगला भाग उचलतो, खराब सेक्टर मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. सगळ्याची एक इमेज फाइल तयार होते, पुढची झटापट त्या इमेजवर करायची. आमच्या आयपॉडवर ही वेळ आली नाही, पण पेनड्राइव्हवर आधी सराव करून ठेवला होता.

पायरी ३ : नावं

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. तसं नसतं. फाइलच्या आत टॅग असतील तर एमपीथ्रीटॅगसारखा प्रोग्रॅम त्यावरून शेकडो फाइलना एका फटक्यात नावं देतो. सिनेमाची गाणी अशी दहा मिनिटांत ओळीत लागली. पण कॅसेटवरून उतरवलेल्या २६ फाइलना टॅगच नव्हते. नुसतं 'ट्रॅक १', 'ट्रॅक २'. इथे सॉफ्टवेअर काय करणार?

मग मी आजीला घेऊन बसलो. एका फाइलवर मी आधीच आबाजींचं नाव टाकून ठेवलं होतं. आजीने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हा तुह्या आबाजीचा आवाज नाई, बाबू. हा त्याहिच्या संगच्या झिलकऱ्याचा होय. आबाजी मांगून येते, ऐक." खरंच, दुसऱ्या कडव्याला आबाजी आले. त्या दोन दुपारी आजीने गावं सांगितली, साथीदार सांगितले, कुठल्या मंडईला पाऊस आला तेही सांगितलं. मी सगळं एका वहीत लिहिलं आणि मग टॅगमध्ये भरलं. बिट आपण कधीही कॉपी करू. हा आवाज कुणाचा हे सांगणारं माणूस मात्र कॉपी होत नाही. म्हणून ही पायरी पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

पायरी ४ : रॉकबॉक्स

आता कॉपी दोन ठिकाणी ठेवलेली आहे, आता प्रयोग करायला हरकत नाही. रॉकबॉक्स हे जुन्या प्लेअरसाठीचं मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर. २००१ मध्ये आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालं आणि २०२५ मध्ये त्याची ४.० आवृत्ती आली. हे टाकल्यावर आयट्यून्सची गरज संपते. पेनड्राइव्हसारखी फोल्डरं कॉपी करा आणि वाजवा. फ्लॅक, ऑग, ओपसही चालतात.

एक अट आहे. आयपॉड विंडोजवर फॉर्मॅट झालेला, म्हणजे फॅट३२ हवा. मॅकवर फॉर्मॅट झालेला असेल तर आधी विंडोजवर रिस्टोर करावा लागतो आणि त्यात सगळं पुसलं जातं. म्हणून तर दुसरी पायरी आधी! रॉकबॉक्स युटिलिटी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, मॉडेल निवडा, बाकी तीच करते. जुनी सिस्टिमही राहते. सुरू होताना होल्ड स्विच लावलेला असला की ॲपलची सिस्टिम येते, नसला की रॉकबॉक्स.

मला यातलं सगळ्यात उपयोगी पडलं ते पिच बदलणं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला असला की वेग कमी होतो आणि आवाज जाड येतो. आमच्या काही फाइल तशाच होत्या. रॉकबॉक्समध्ये १०४ टक्के केलं आणि आजी म्हणाली, "आता बराबर." मूळ फाइलला मात्र हात लावला नाही.

पायरी ५ : हार्डडिस्कच्या जागी कार्ड

फिरणारी डिस्क कधीतरी जाणारच. तिच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवता येतं. ते वीज कमी खातं आणि धक्क्याने बिघडत नाही. पण सिस्टिम डिस्कवरच असते हे वर सांगितलंच, त्यामुळे नव्या कार्डावर आधी आयट्यून्सने रिस्टोर करावं लागतं. काढलेली डिस्क फेकू नका. तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा.

किती मावतं याचा हिशोबही करून ठेवा. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला सुमारे ५८ एमबी, म्हणून ३० जीबीत ५०० तासांवर आवाज बसतो. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी घेते, म्हणजे ४७ तास. नवीन रेकॉर्डिंग करताना मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये कॉम्प्युटरवर ठेवावी आणि प्लेअरमध्ये एमपीथ्री न्यावी. एमपीथ्रीतून एकदा गेलेला आवाज परत आणता येत नाही.

आमचा आयपॉड आता आजीच्या खोलीत, छोट्या स्पीकरला ३.५ मिमीच्या वायरने जोडलेला असतो. त्याला रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही, मध्येच जाहिरात येत नाही. चाक फिरवून मधलं बटण दाबायचं एवढंच आजीला शिकवावं लागलं. तिला पडदा वाचता येत नाही, म्हणून आबाजींचं फोल्डर यादीत सगळ्यात वर ठेवलं आहे.

तुमसर, पवनी, साकोली, मोहाडी, लाखांदूर, कुठूनही आलेले असा, या सुट्टीत घरची कपाटं एकदा उघडून बघा. आयपॉडच पाहिजे असं नाही. चायनाचा एमपीथ्री प्लेअर, जुना मेमरी कार्डवाला मोबाईल, काहीही चालेल. सापडलं तर आधी कॉपी करा, मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. फर्मवेअरचं काय, ते सुट्टी संपल्यावर होस्टेलवरही टाकता येईल.