स्वामीजींचे नाव

नांदेडजवळ गोदावरीच्या काठी विष्णुपुरी येथे एक विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले आहे.

हे नाव स्वामीजींना आईवडिलांनी दिलेले नव्हते. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव व्यंकटेश आणि आडनाव खेडगीकर. व्यंकट म्हणजे तिरुपतीचा पर्वत; त्याचा ईश तो व्यंकटेश. मुलाला हाक मारताना देवाचेही स्मरण घडावे, या श्रद्धेने अशी नावे ठेवतात. अजामिळाने अंतकाळी आपल्या मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि तेवढ्याने तो उद्धरला, अशी पुराणात कथा आहे.

१९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या व्यंकटेशाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत त्याने अध्यापन केले आणि १९३२ साली संन्यास घेतला. संन्यासी घरदार सोडतो, धन सोडतो आणि आपले पूर्वीचे नावही सोडतो. व्यंकटेश खेडगीकर हे नाव मागे पडले आणि रामानंद तीर्थ हे नवे नाव आले.

या नावाचा अर्थ मोठा गोड आहे. 'राम' हा शब्द 'रम्' या धातूपासून झाला. रमणे म्हणजे आनंदात तल्लीन होणे. रामाच्या ठायी ज्याचा आनंद, तो रामानंद. 'तीर्थ' हे संन्याशांच्या दहा नामांपैकी एक. गिरी, पुरी, भारती, सरस्वती ही त्यांतलीच. मात्र तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ आहे नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार. पाणी खोल असले तरी उताराच्या वाटेने थोरांबरोबर लहानही पैलतीरी जातात. उतार मात्र जागच्या जागी राहून पाण्याचा लोंढा सोसतो.

स्वामीजींचे जीवन असेच होते. ज्याने सर्वसंगपरित्याग केला, त्याला राज्याच्या उलाढालींशी काय कर्तव्य, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या काळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि प्रजेला स्वातंत्र्य नव्हते. लोकांना दुःखात ठेवून आपण एकट्याने रामनामात रमावे, हे स्वामीजींना पटले नाही. १९३८ साली त्यांनी सत्याग्रह केला व कारावास भोगला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला; त्याच दिवशी हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्यांचीही सुटका झाली.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे निधन झाले. पुढे १९९४ साली, मुक्तिदिनीच म्हणजे १७ सप्टेंबरला, नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. विद्या हाही अज्ञानाच्या नदीवरचा एक उतारच आहे. त्याला 'तीर्थ' हे नाव शोभून दिसते.

नाव दुसऱ्याने दिलेले असते. त्याचा अर्थ मात्र ज्याचा त्याने आचरणाने खरा करावयाचा असतो.

अभ्यास

१. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ सांगून तो स्वामीजींच्या जीवनाला कसा लागू पडतो, ते लिहा.
२. संन्यासी आपले पूर्वीचे नाव का सोडत असेल?
३. आपल्या नावाचा अर्थ घरातील वडील माणसांना विचारा व पाच ओळींत लिहा.