आईचं शिक्षण आणि मुलाच्या दाढा

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. बालवाडीतल्या तपासणीत त्याच्या चार दाढा किडलेल्या निघाल्या. माझ्या जाऊबाई पदवीधर आहेत, त्यांच्या मुलाचे दात चांगले आहेत. मी दहावीनंतर शिकले नाही. आई कमी शिकलेली असेल तर मुलांचे दात जास्त किडतात, असं वाचलं. हे खरं आहे का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : संबंध आहे. अनेक देशांतल्या पाहण्यांत तो दिसला आहे. पण सरासरीवरून एखाद्या घराचा निवाडा करता येत नाही. 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या देशातल्या पाच वर्षांच्या निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यात शिकल्यासवरल्या घरांतलीही मुलं होतीच.

शिकलेल्या घरात बहुधा चार पैसे जास्त असतात, म्हणून दात दुखायच्या आधी दवाखाना गाठता येतो. एवढा भाग उघड आहे. उरतं ते माहितीचं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि प्रत्येक खाण्यानंतर निदान वीस-तीस मिनिटं ते आम्ल दात झिजवत असतं. त्यामुळे जेवणासोबत खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर येता-जाता खाल्लेली बिस्किटं जास्त घातक. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. यातलं काहीही पदवीच्या वर्गात शिकवत नाहीत. पण शिकलेली बाई वेष्टनावरचा मजकूर वाचते, डॉक्टरांना पुन्हा विचारायला बिचकत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की घरात तिचं ऐकलं जातं. आजोबांना ‘रोज चॉकलेट देऊ नका’ असं सांगायला सुनेच्या शब्दाला वजन लागतं. तेव्हा किडीचा दोष एकट्या आईच्या माथी मारणं मला साफ चुकीचं वाटतं.

घरातली पैशाची आणि माहितीची उणीव बाहेरून भरून काढता येते. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाडीतली मुलं रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात. 2003 मध्ये तिथल्या पहिलीतल्या सुमारे 45 टक्के मुलांच्या दातांत कीड दिसत नव्हती. 2020 पर्यंत हे प्रमाण 73 टक्क्यांवर गेलं. गरीब वस्त्यांतल्या मुलांचे दातही सुधारले, जरी श्रीमंत-गरिबांतली दरी पुरती बुजली नाही. आपल्या अंगणवाड्यांत जेवणाआधी हात धुवायला शिकवतात, तिथेच हेही व्हायला हवं.

आता तुमच्या मुलाचं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना नीट दात घासता येत नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही स्वतः घासा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन. फेस थुंकायला लावा, पण लगेच खळखळून चूळ नको, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील. ‘दुधाचेच तर आहेत, पडतील’ म्हणून किडलेल्या दाढा सोडू नका. त्यातल्या काही दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. सरकारी दंत महाविद्यालयात उपचार कमी खर्चात होतात.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती वर आली की तिच्या खाचा सीलंटनं बुजवून घेता येतील का, हे दंतवैद्यांना विचारा.