व्हिडिओ डोळ्यांनी नको, कानांनी कर

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, मोबाइल लावून योगासनं सुरू केली आणि चौथ्या दिवशीच मान धरली." तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. कारण माझंही अगदी असंच झालं होतं.

तुमच्या अवसरी बुद्रुक गावात "पहाटे फिरायला जात जा" असं सांगणं सोपं असतं. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्याची भीती. अंधारात एकट्या बाईनं बाहेर पडायचं कसं? म्हणून घरातच सतरंजी अंथरायची, हे तुझं बरोबरच आहे. फक्त ते नीट कर.

मी मोबाइल डब्याला टेकवून फरशीवर ठेवायची. तिसऱ्याच दिवशी हलासन आलं. पाय डोक्यामागे गेलेले, आणि व्हिडिओतल्या बाईंनी पाय कुठवर नेलेत ते बघायला मी मान वळवली. मानेत अशी उसण भरली की आठवडाभर साधी हाक आली तरी अख्खं अंग वळवावं लागायचं.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. आधी चहा घेत व्हिडिओ पूर्ण बघायचा, हातपाय हलवायचे नाहीत. श्वास कुठे घेतात, कुठे सोडतात ते ध्यानात ठेवायचं. मग मोबाइल पालथा घालायचा आणि नुसता आवाज ऐकत आसन करायचं. अडलं तर आधी सरळ व्हायचं, मगच बघायचं. समोरच्या माणसाचं बघून डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो, ऐकून होत नाही. आणि तीन आठवडे एकच व्हिडिओ धर. रोज नवा लावलास तर सगळं लक्ष पुढे काय येतंय याकडेच राहतं, पाठ काय सांगतेय ते कळतच नाही.

असं एकट्यानं शिकणं नवं नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्यांचे गुरू कृष्णमाचार्य राहिले म्हैसूरला. चूक दाखवायला जवळ कुणी नाही, तेव्हा स्वतःच्या शरीराला विचारत विचारतच ते शिकले. पुढे त्यांनी भिंत, खुर्ची, वीट, पट्टा, घडी घातलेलं ब्लँकेट असे आधार शिकवण्यात आणले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 पासून आहे, तिथे आजही असंच शिकवतात. आधार घेण्यात कमीपणा नाही गं. पायाच्या अंगठ्याला हात पोचत नाही ना, मग जुन्या लुगड्याची पट्टी तळव्याला अडकव आणि ती धर.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "कांद्याच्या लागणीला दिवसभर वाकतेस, आणखी व्यायाम कशाला?" त्यांना प्रेमानं सांग, की वाफ्यात आपण फक्त पुढे वाकतो, तेही तासन्‌तास. म्हणून घरी त्याच्या उलट करायचं. पुढे वाकायची आसनं लागणीच्या दिवसांत बाजूलाच ठेव. भिंतीसमोर उभी राहा, तळवे कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकव आणि मागे सरकत जा, हात नि पाठ एका रेषेत येईपर्यंत. मग कंबर सावकाश मागे ओढ. दिवसभर आखडलेली पाठ कशी मोकळी होते, बघ. त्यानंतर कोपरं जमिनीवर टेकवूनच भुजंगासन, मग सेतुबंधासन. शेवटी भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडून राहा. वीस मिनिटांत सगळं होतं.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत. कुठे चमक निघाली, मुंग्या आल्या, गरगरलं, की लगेच थांब, व्हिडिओतल्या बाई "आणखी थोडं" म्हणाल्या तरी. बीपी असेल, दिवस गेले असतील, मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. स्त्रियांच्या योगाभ्यासावर आयुष्यभर काम केलेल्या गीता अय्यंगार पाळीच्या दिवसांत उलटी आसनं टाळायला सांगत. आणि शीर्षासन, सर्वांगासन, हलासन ही व्हिडिओवरून शिकायचीच नाहीत. ती शिक्षकांसमोरच.

कारण व्हिडिओत शिकवणारी बाई कितीही चांगली असली तरी तिला तू दिसत नाहीस. तुझा खांदा वर गेलाय, दात आवळलेत, श्वास कोंडलाय, हे तिला कळणार कसं? म्हणून दर आसनात एकदा स्वतःलाच विचार, "श्वास चालू आहे ना?" श्वास अडला तर तेवढं मागे ये.

संक्रांतीला माहेरी येशील तेव्हा ओटीवरच्या भिंतीपाशी दोघी मिळून करू. मी तुझी पाठ बघेन, तू माझी बघ.