सीमेकला कोणता पायथन सापडला, ते आधी बघ

अगं, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं मॉड्यूल सीमेकने मुकाट्याने बिल्ड केलं, कुठे लाल अक्षर दिसलं नाही, आणि पायथनमध्ये इम्पोर्ट करायला गेलीस तर 'असं मॉड्यूलच नाही' म्हणून उत्तर आलं, तर लगेच स्वतःचा कोड उसवायला बसू नकोस. नव्या नोकरीत आपल्याला पहिला संशय आपलाच येतो. त्यात शेजारच्याच्या लॅपटॉपवर तेच चालत असेल तर विचारूच नको. पण अशा वेळी पुष्कळदा कोड बिचारा बरोबर असतो. तुझ्या मशीनवर दोन-तीन पायथन नांदत असतात. सीमेकने एकासाठी बिल्ड केलेलं असतं आणि तू चालवत असतेस दुसराच.

याची खात्री करायला कुणाला विचारायचीही गरज नाही. बिल्ड फोल्डरमध्ये जा आणि तयार झालेल्या फाइलचं नाव नीट वाच. लिनक्सवर त्या लांबलचक नावात 'सीपायथन-३१०' असा एक तुकडा दिसेल, विंडोजवर 'सीपी३१०'. म्हणजे ही फाइल पायथन ३.१० साठी आहे. ३.१२ असल्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही, त्याच्या हिशोबी ते मॉड्यूल अस्तित्वातच नसतं. म्हणून फाइल डोळ्यांसमोर असते आणि पायथन 'नाही' म्हणतो, आणि त्याच्या जागी तो खरंच बोलत असतो.

आता इतके पायथन येतात कुठून, तर आपणच आणून ठेवतो. उबंटू २२.०४ सोबत ३.१० येतो, २४.०४ सोबत ३.१२. कॉलेजात डेटा सायन्सच्या प्रोजेक्टसाठी कॉन्डा टाकलेलं असतं, त्याचा वेगळा. कुणीतरी सांगितलं म्हणून पायएन्व्ह बसवलं, त्यात आणखी दोन. मॅकवर एक्सकोडच्या साधनांबरोबर एक येतो आणि होमब्रू दुसरा आणतो. विंडोजवर तर स्टोअरकडे नेणारी एक नावापुरती 'पायथन' फाइलही पाथमध्ये बसलेली असते. चाळीत नुसती 'अहो जोशी' अशी हाक मारली की ज्याचं दार जवळ तो बाहेर येतो, तसंच टर्मिनलचं आहे. 'पायथन३' म्हटलंस की पाथमध्ये जो आधी भेटेल तो ओ देतो. तुझ्या मनात कोण होतं हे त्याला कसं कळणार?

म्हणून पहिलं काम यादी करण्याचं. लिनक्स आणि मॅकवर 'व्हिच -ए पायथन३', विंडोजवर 'व्हेअर पायथन'. मग ज्या पायथनने तू प्रोग्राम चालवणार आहेस त्याला सिस मॉड्यूलमधलं 'एक्झिक्युटेबल' छापायला सांग. तो स्वतःचा पूर्ण पत्ता देईल. तो पत्ता वहीत लिहून घे. यापुढचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच, की सीमेकनेही हाच पत्ता धरावा.

पण सीमेक टर्मिनलसारखा सरळ नाही, त्याचे शोधायचे स्वतःचे नियम आहेत. ते एकदा समजून घेतलेस की निम्मी भीती जाईल. पूर्वी इंटरप्रिटर शोधायला एक मॉड्यूल होतं आणि लायब्ररी शोधायला दुसरं. दोघं एकमेकांना विचारत नसत, त्यामुळे इंटरप्रिटर एका आवृत्तीचा आणि हेडर फाइली दुसऱ्याच्या, असं सर्रास व्हायचं. २०१८ साली सीमेक ३.१२ आला (पायथनचा ३.१२ वेगळा, गोंधळू नकोस) आणि त्याने फाइंडपायथन आणि फाइंडपायथन३ ही नवी मॉड्यूल्स आणली. जुनी दोन तेव्हापासून बाद ठरली आणि सीमेक ३.२७ च्या धोरणानुसार काढूनच टाकली. तरी जुन्या प्रोजेक्टांत ती भेटतातच. तेव्हा प्रोजेक्टची सीमेकलिस्ट्स फाइल उघडलीस की आधी हे बघ, की शोधायला कुणाला पाठवलंय, जुन्याला की नव्याला.

नव्याचेही दोन स्वभाव आहेत. एकात तो सगळीकडे हिंडून सर्वांत वरची आवृत्ती उचलतो. दुसऱ्यात ठरलेल्या क्रमाने जागा बघत जातो आणि चालण्याजोगा पायथन पहिल्यांदा जिथे भेटेल तिथे थांबतो. हा दुसरा स्वभाव सीमेक ३.१५ पासून आला, पण तो आपोआप लागू होत नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या ओळीत 'किमान आवृत्ती' म्हणून ३.१५ च्या आतला आकडा असेल, तर तुझ्या मशीनवर कितीही नवा सीमेक असू दे, तो जुन्या स्वभावानेच वागतो. मग तू मन लावून ३.१० चं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट बनवतेस, ॲक्टिव्हेट करतेस, आणि तो सिस्टीमचा ३.१२ घेऊन येतो, कारण ३.१२ मोठा. 'मी तर ॲक्टिव्हेट केलं होतं!' म्हणून रडकुंडीला आलेल्या कितीतरी मुली मी बघितल्यात. त्यांनी खरंच केलेलं असतं. फक्त त्या प्रोजेक्टमध्ये ॲक्टिव्हेट केल्याने भागत नसतं.

आणि कधी उलटंही होतं. कॉन्डाचं 'बेस' नवीन टर्मिनल उघडताच गुपचूप ॲक्टिव्हेट होऊन बसतं. सीमेक त्यालाही व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटच समजतो आणि तिथला पायथन घेतो. तुला वाटतं आपण सिस्टीमवर आहोत. प्रॉम्प्टच्या सुरुवातीला कंसात 'बेस' लिहिलेलं असतं, पण रोज दिसणारी गोष्ट आपल्याला दिसेनाशी होते.

तेव्हा माझं ऐक, त्याला अंदाज बांधायला लावूच नको. कॉन्फिगर करताना पायथनचा पूर्ण पत्ता हातात दे. त्यासाठी '-डी' लावून एक व्हेरिएबल द्यायचं असतं, आणि सगळ्यांत जास्त मुली अडतात त्या इथे. प्रोजेक्टने फाइंडपायथन३ वापरलं असेल तर व्हेरिएबलची सुरुवात 'पायथन३' ने होते, नुसतं फाइंडपायथन असेल तर '३' गाळून. दोन्हींत फक्त पहिलं 'पी' कॅपिटल, आणि अंडरस्कोरनंतरचं 'एक्झिक्युटेबल' पूर्ण कॅपिटल. जुन्या मॉड्यूलला मात्र सगळंच कॅपिटल लागतं. ओपनसीव्हीची आणखी वेगळीच तऱ्हा, तिथे '३' ही हवा आणि सगळी अक्षरंही कॅपिटल. नाव चुकलं तर सीमेक थांबत नाही की ओरडत नाही. तुझं व्हेरिएबल बाजूला ठेवून तो आपल्या मनाने शोधतो. फार तर अगदी शेवटी 'दिलेली ही व्हेरिएबल्स प्रोजेक्टने वापरली नाहीत' अशा अर्थाची सूचना येते. ती ओळ वॉर्निंग म्हणून सोडून देऊ नकोस, सगळं उत्तर तिथेच असतं.

नाव बरोबर, पत्ता बरोबर, तरी जुनाच पायथन येतोय? मग बिल्ड फोल्डर बघ. सीमेक पहिल्यांदा जे सापडलं ते सीमेककॅश नावाच्या फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुढे रेटतो. मधल्या काळात तू एनव्हायर्नमेंट बदललंस, याची तो फारशी दखल घेत नाही. सीमेक ३.२४ पासून '--फ्रेश' हा पर्याय आहे, तो लावला की कॉन्फिगर पहिल्यापासून होतं. त्याहून जुना असेल तर सरळ अख्खं बिल्ड फोल्डर उडव. सोर्स वेगळं आणि बिल्ड वेगळं ठेवलं असशील तर जीव खाली-वर व्हायचं कारण नाही, त्यात आपल्या हातचं काहीच नसतं.

पुष्कळदा इंटरप्रिटर बरोबर सापडतो आणि गाडी हेडरवर अडते. 'पायथन डॉट एच' नाही म्हणतो. तुझ्या प्रोग्रामला नुसता पायथन पुरतो, पण सी प्लस प्लसचं मॉड्यूल बांधायला त्याच्या हेडर फाइली लागतात, आणि उबंटू त्या वेगळ्या पॅकेजमध्ये देतो. त्याचं नाव पायथन३-डेव्ह, फेडोरावर पायथन३-डेव्हेल. सिस्टीमच्या नेहमीच्या आवृत्तीहून वेगळा पायथन वापरत असशील तर त्याच आवृत्तीचं डेव्ह पॅकेज घे, भलतंच नको. व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटच्या आत हेडर शोधत बसू नकोस. ते ज्या मूळ पायथनवरून बनलं, त्याच्याकडेच ते असतात.

आता एक ताकीद. रागाच्या भरात 'सिस्टीमचाच पायथन३ बदलून टाकते' असं करू नकोस. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून हे करा, असं सांगणारे भेटतील. उबंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. तो बदललास की ॲप्टच्या मागची पायथनची साधनं 'एपीटी_पीकेजी सापडत नाही' म्हणून कण्हायला लागतात, कधी टर्मिनलच उघडत नाही. एका प्रोजेक्टपायी सगळं घर हलवू नये. तुझ्या कामाचा पायथन शेजारी बसव आणि बिल्डला त्याचा पत्ता दे. सिस्टीमच्या पायथनला हात लावू नको.

बारीकसारीक फसवे खड्डेही सांगून ठेवते. एडिटरमधलं बटण दाबून कॉन्फिगर केलंस तर तो तुझ्या टर्मिनलमधलं एनव्हायर्नमेंट घेईलच असं नाही, त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता वेगळा द्यावा लागतो. 'सुडो' लावून इन्स्टॉल केलंस की पाथ बहुधा बदलतो आणि सिस्टीमचा पायथन पुढे येतो. नुसतं 'पिप' टाइप करण्यापेक्षा 'पायथन -एम पिप' म्हण, म्हणजे पॅकेज कुणाच्या घरात गेलं याचा वाद राहत नाही. आणि सीआयच्या यामल फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांत लिही. उघडं ठेवलंस तर यामल त्याला दशांश अपूर्णांक समजतो, मागचं शून्य गळतं आणि सर्व्हर पायथन ३.१ शोधत फिरतो. ३.९ पर्यंत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. २०२१ च्या ऑक्टोबरात ३.१० आला आणि भल्याभल्यांची बिल्ड्स पडली.

तुझं मशीन मार्गी लागलं की प्रोजेक्टही सुधार, कारण तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला हेच पुन्हा भोगायला लागू नये. सीमेकलिस्ट्समध्ये इंटरप्रिटर आणि हेडर एकाच फाइंड-पॅकेज हाकेत माग. वेगवेगळं मागितलंस तर पुन्हा दोन घरचे दोन येऊ शकतात. नुसतं मॉड्यूल बांधायचं असेल तर डेव्हलपमेंट डॉट मॉड्यूल एवढंच माग, सीमेक ३.१८ पासून ते मिळतं. पूर्ण डेव्हलपमेंट मागितलं तर पायथनची लायब्ररीही लागते, आणि व्हील बनवायच्या मेनीलिनक्स इमेजमध्ये ती नसतेच. सीमेक ३.१९ पासून आवृत्तीची मर्यादाही देता येते, ३.१० किंवा त्याच्या वर आणि ३.१३ च्या आत, अशी. पायबाइंड११ ची दोन-मालिका वापरत असाल तर नवं फाइंडपायथन वापरायला त्याला स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर ते आपली जुनी वाट धरू शकतं. आणि शेवटी सापडलेल्या पायथनचा पत्ता आणि आवृत्ती छापणारी एक ओळ टाक. सीमेकची स्वतःची 'सापडला' ही ओळ पहिल्यांदाच येते, पुढच्या खेपेला काही बदललं नसेल तर तो गप्प राहतो. तुझी ओळ मात्र दर वेळी बोलेल.

आणि हे सगळं निस्तरल्यावर स्टँडअपमध्ये 'एनव्हायर्नमेंटचा इश्यू होता, झालं' असं पुटपुटून खाली बसू नकोस. ही सवय आपल्या मुलींना फार. दिवसभर राबायचं आणि सांगताना चार शब्दांत गुंडाळायचं. सरळ सांग: 'किमान आवृत्ती जुनी लिहिली असल्यामुळे सीमेक सर्वांत मोठा पायथन उचलत होता. आपल्याला ३.१० हवा होता. मी मर्यादा घातली आणि कॉन्फिगर करताना पत्ता छापायची ओळ टाकली. रिव्ह्यूला पाठवलंय.' ऐकणाऱ्यांत एक-दोघं तरी असे निघतील, ज्यांचं बिल्ड नुसतं नशिबाने चालत होतं. ते मीटिंग संपल्यावर तुझ्या टेबलाशी येतील. त्यांना आधी त्यांचा सिस डॉट एक्झिक्युटेबल छापायला लाव, मग बाकीचं बोल.