तुझ्या शब्दावर पैसे मोजणारी माणसं

॥ श्री माउली प्रसन्न ॥

कणकुंबी
आषाढ वद्य पंचमी

चि. सुहास यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. ह्यांचा गुडघा पावसात दुखतो, तेवढं सोडलं तर काही नाही. हे फोनवर बोलता आलं असतं, पण मलप्रभेच्या उगमाशी राहणाऱ्यांना पावसाळ्यात रेंज कसली! आणि रेंज असली तरी तू "हो आत्या, हो आत्या" करत विषय बदलतोस. म्हणून लिहिते. एका जागी बसून पुरतं वाच.

जांबोटीला बारशाला गेले होते. तिथे तुझ्या वर्गातल्या एकाची आई भेटली. म्हणाली, "तुमच्या सुहासचं बरं चाललंय की. दुकानदार त्याला ते खेळण्यातले सैनिक फुकट पाठवूलेत. त्यानं व्हिडिओत चांगलं म्हणायचं, एवढंच काम." मी तिथल्या तिथे म्हटलं, आमचा सुहास तसला नाही. ती हसली आणि पंगतीकडे गेली. घरी येईपर्यंत गाडीत माझं कुणाशी बोलण्यात लक्ष नव्हतं.

ऐकीव गोष्टीवर मी भांडत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून शेजारच्या शेवंताच्या सुनेच्या फोनवर तुझा तो व्हिडिओ बघितला. राखाडी चिलखतातला अंतराळ-सैनिक. शिरस्त्राणाची काच काळी, खांद्यावर गंजल्यासारखा रंग मारलेला, मुठीत बंदूक नीट बसते. तू डबा उघडलास, प्लास्टिकचा साचा बाजूला केलास आणि त्याला उभा केलास. "जॉइंट एकदम कडक, रंग एक नंबर, डोळे झाकून घ्या," असं म्हणालास. खाली कुठे मिळेल तेही दिलंस. तो तुझ्याकडे आला कसा, हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. विकत घेतलास का? कुणी दिला का? माझा प्रश्न एवढाच आहे, आणि तो मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

शेवंताच्या नातवाला, प्रज्वलला, तू ओळखतोस. मे महिन्यात तुझ्या मागे मागे फिरत होता तोच. त्याने तो व्हिडिओ पाठ केला आणि आजीच्या मागे लागला. शेवंताने काजूच्या पैशातून दोन हजारांवर रुपये मोजून खानापूरच्या कुणाकडून तरी तो मागवला. दुसऱ्याच दिवशी पोरगं रडत माझ्याकडे आलं. खांद्यातून हात निखळला होता. मी चष्मा लावून बघितलं. धडाच्या भोकात पेगचा अर्धा तुकडा अडकून बसला होता, आणि मोडलेल्या जागी प्लास्टिक दुधासारखं पांढरं पडलं होतं. म्हणजे पेग निसटला नव्हता, पिळून तुटला होता. इथल्या गारठ्यात प्लास्टिक आधीच ताठ, त्यात जॉइंट "एकदम कडक". पोराने जोर लावला.

अरे, कडक जॉइंट आधी गरम पाण्यात धरायचा, मऊ पडला की मग हळू फिरवायचा, हे मला कुणी शिकवलं? तूच. बारावीत होतास तेव्हा माझ्या चुलीवर पाणी तापवायला लावलं होतंस. मग जे आत्याला सांगितलंस ते तुझं ऐकणाऱ्या पोरांना का सांगितलं नाहीस? डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय की हे १५ वर्षांवरच्यांसाठी आहे. प्रज्वल नऊ वर्षांचा आहे. हे खेळणं नाही, संग्राहकांनी फळीवर मांडायची वस्तू आहे, एवढं एक वाक्य बोलला असतास तर शेवंताने पैसे दिले नसते.

का बोलला नाहीस? वस्तू देणाऱ्याला राग येईल म्हणून का?

असं विचारायला माझी जीभ रेटत नाही, पण विचारते. कारण तू असा नव्हतास. तुझा तो जुना सैनिक अजून माझ्याकडे आहे, गोव्यातून आणलेला जी. आय. जो. तो बनवणारी फनस्कूल ही कंपनी एमआरएफने अमेरिकेतल्या हॅस्ब्रोबरोबर १९८७ साली काढली आणि कारखाना घातला गोव्यात, आपल्या घाटाखालीच. हे सगळं मला तूच सांगितलंस. चोर्ला घाट उतरून जाणारा प्रत्येक पाहुणा तुझ्यासाठी एक सैनिक आणायचा. एकदा त्याचे पाय कंबरेतून लोंबायला लागले, तेव्हा तू रडला नाहीस. पाठीवरचा एकुलता एक स्क्रू काढलास, छातीचे दोन भाग वेगळे केलेस आणि आतली काळी रबरी रिंग मला दाखवलीस. ती वाळून चिरली होती. नळाच्या दुकानातून तसल्याच मापाची रिंग आणवून घेतलीस आणि पायाच्या हुकात अडकवलीस. पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणालास की आपल्याकडच्या त्या सैनिकांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे असायचे, म्हणून आता परदेशातले लोक ते शोधत फिरतात. मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता! आमच्या घरातला एक पोरगा वस्तू उलटून, उघडून, आतली रिंग बघून मग बोलतो.

आणि स्टार वॉर्समधल्या त्या रॉकेटवाल्या बोबा फेटचा व्हिडिओ. तुझ्या सगळ्या व्हिडिओंत मला तो सर्वांत आवडला. स्टार वॉर्स सिनेमा १९७७ मध्ये आला तेव्हा केनर कंपनीची खेळणी तयारच नव्हती, म्हणून नाताळात लोकांनी खेळण्यांऐवजी पाकीट आणि त्यातली चिठ्ठी विकत घेतली. मग पाठीवरून रॉकेट सुटणारा बोबा फेट करायचं ठरलं. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानाचं बारकं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल गेलं. केनरने नमुने तयार असूनही सुटणारं रॉकेट बाजारात आणलंच नाही. त्या न विकलेल्या नमुन्यांपैकी एकाला २०२४ मध्ये लिलावात पाच लाख डॉलरच्या वर पैसे आले. किंमत सांगून झाल्यावर तू क्षणभर थांबलास आणि म्हणालास, "त्या मुलाचं नाव या किमतीच्या खाली कुणी लिहीत नाही." मी ते ह्यांना दोनदा ऐकवलं. असं बोलणारा माणूस "डोळे झाकून घ्या" म्हणतो कसा?

तुझी आई म्हणेल, वन्सं उगाच खेळण्यावरून एवढं लिहितात. खेळणं ही मला क्षुल्लक गोष्ट कधीच वाटली नाही. शहापूरच्या घरी दिवाळीत तुझे बाबा आणि त्यांचे मित्र अंगणात किल्ला करायचे. बेळगावात त्या दिवसांत गल्ली तशी किल्ला असतोच. मी चिखल कालवायचा, गोणपाट भिजवून द्यायचा, अळीव पेरायचे. मावळे मांडायला मला कुणी हात लावू दिला नाही. मुलींचं काम नाही म्हणायचे. बाजारातून आणलेले ते मातीचे मावळे मी रात्री सगळे निजल्यावर हातात घेऊन बघायचे. कुणाच्या पगडीचा रंग कपाळावर ओघळलेला, कुणाची तलवार साच्यातच वाकडी झालेली, आणि एखाद्याच्याच मिशीवर कारागिराचा हात असा फिरलेला की तो मावळा जिवंत वाटावा. कुठला चांगला आणि का चांगला, हे मला कळायचं. पण मला कुणी विचारलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर सावंतवाडीला जाऊन चितारकाम शिकायचं माझ्या मनात होतं. तिथे राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफाच्या पत्त्यांचं काम पुन्हा उभं केलं होतं, चितारआळीत लाकडाची खेळणी होत होती, आंबोलीचा घाट उतरला की आलंच. आजोबा "बघू" म्हणाले. त्या वर्षी बघितलं ते स्थळ, कणकुंबीचं. संसाराबद्दल माझी तक्रार नाही. ह्यांनी मला कधी दुखावलं नाही. पण लाखेचा रंग लाकडावर कसा चढतो ते या हातांना कधी कळलं नाही, आणि या वयातही कुणाच्या घरी सावंतवाडीची फळांची टोपली दिसली की मी एक फळ उचलून देठापाशी रंग कसा मिटवलाय ते बघते.

म्हणून सांगते, तुझा तो डोळा माझ्यासाठी मोठा आहे. जे मला कुणी विचारलं नाही ते तुला हजारो लोक विचारतात. हा कसा आहे? घेऊ का? ते ज्या विश्वासाने विचारतात तो दुकानदाराने पाठवलेल्या डब्याच्या बदल्यात देऊन टाकू नकोस.

कायद्याचंही सांगते, कारण भीती तीही आहे. जावईबापू खानापूरच्या कोर्टात असतात, त्यांना विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत भाग घेणाऱ्यालाही पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं ठळक सांगायचं, हेही सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. प्रज्वलच्या डब्यावर मी ते शोधलं, दिसलं नाही. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेली, पुढे ७० झाली. एवढी महाग वस्तू घेताना गरीब माणसाला तुझ्याशिवाय विचारायला कोण आहे? खानापूरच्या दुकानात ती उघडून दाखवत नाहीत.

सुहास, फुकट घेणं वाईट असं मी म्हणत नाही. पुण्यात घरभाडं काय आहे ते मला माहीत आहे, चिऊची शाळाही आहे. कुणी दिलं तर घे. पण पहिल्या वाक्यात सांग, हा मला अमक्याने पाठवलाय. मग हात कुठे वाकतो, रंग कुठे उडालाय, जॉइंट कुठे मोडेल, सगळं बोल. देणाऱ्याला राग आला तर येऊ दे. पुढचा डबा नाही आला तरी चालेल. मी ऐकलं ते सगळं खोटं असेल, तू तो सैनिक स्वतःच्या पैशाने घेतला असशील, तर एका ओळीत तसं कळव. जांबोटीला जाऊन त्या बाईला दाखवून येते.

रागाने सुरू केलं होतं, आता हात दुखायला लागला. तू लहानपणी असाच माझ्याकडून बोलणी खाऊन पाटावर बसून राहायचास, जेवायचा नाहीस. तसा बसू नकोस. तुझ्यावरचा विश्वास मोडलेला नाही, म्हणूनच एवढी पानं झाली. बाहेरच्या कुणासाठी मी लिहिलं असतं का?

प्रज्वलचा सैनिक मी पितळी डब्यात कापसावर ठेवलाय. हाताचा तुकडा आणि भोकातला पेग दोन्ही आहेत. तू म्हणायचास तशी आत बारीक तार घालून जोडता येईल ना? मी गोंद लावायला धजले नाही, उगाच भोक बुजायचं. गणपतीला येशील तेव्हा तुझं ते बारकं ड्रिल घेऊन ये. पोरगं रोज विचारतं, सुहासदादा कधी येणार. ज्याच्या व्हिडिओवर भरवसा ठेवून पैसे गेले त्याच्यावर त्याचा राग नाहीच. त्याला वाटतं, त्याचीच चूक झाली. ती त्याची चूक नव्हती हे त्याला तूच सांग, माझ्याने सांगवत नाही.

येताना बेळगावहून सकाळची एस.टी. धर, घाटात धुकं असतं, रात्री मोटारसायकलवर मुळीच येऊ नकोस. सूनबाईला आणि चिऊला आणलंस तर फार बरं होईल. चिऊसाठी लोकरीची टोपी विणून ठेवलीय, डोक्याचं माप कळव. वाळवलेल्या फणसाची साटं आहेत, कोकमही भरून ठेवलंय, परतताना ते घेऊन जा. खोकला गेला का तुझा? व्हिडिओत दोनदा खोकलास.

तुझी,
आत्या