नाना शंकरशेट

नाना शंकरशेट यांचे खरे नाव जगन्नाथ, आडनाव मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड गावी झाला. वडील मुंबईचे मोठे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले. नाना तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. सगळा व्यापार त्यांच्या अंगावर पडला.

नानांचा शब्द पक्का असायचा. अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा बँकेत न ठेवता नानांकडे ठेवायचे.

पैसेवाले पुष्कळ असतात. मला नाना आवडले ते शाळेमुळे. १८४९ साली त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. मुलगी शिकली तर घराचे वाईट होते, असे तेव्हा लोक म्हणायचे. नानांनी ऐकले नाही. कॉलेजात शिकलेले तरुण तिथे सकाळी फुकट शिकवायचे. आमच्या वर्गात आज मुलींच्या दोन रांगा आहेत. माझी पणजी मात्र अंगठा लावायची.

सरकारच्या शिक्षण मंडळावर नाना सभासद होते. अध्यक्ष पेरीसाहेब म्हणायचे, इंग्रजीतूनच शिकवा. १८४७ साली नानांनी त्यांना विरोध केला. सगळ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. साहेबापुढे असे बोलायला धाडस लागते! मला तर भागाकार मराठीतूनच कसाबसा समजतो, इंग्रजीतून काय समजला असता?

आगगाडी यावी म्हणून १८४५ पासून नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी खटपट केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४ आणि माणसे ४००. इंजिने तीन होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. नावे ऐकून वर्गात सगळे हसले.

सरकारला सोनापूरची स्मशानभूमी लांब शिवडीला न्यायची होती. गरिबांनी प्रेत एवढ्या लांब कसे न्यायचे? नाना त्यांच्या बाजूने भांडले आणि स्मशान सोनापुरातच राहिले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत त्यांचा पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळायची. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.