चर्चच्या भिंतीवरचा बाण

पाट काढायचा असो, बंधारा घालायचा असो, पहिला प्रश्न एकच. कोणती जागा उंच आणि कोणती सखल? डोळ्यांना रान सपाट दिसते. पण डोळा फसतो, पाणी फसत नाही. उतार चुकला तर पाट कोरडा राहतो आणि सारे कष्ट मातीमोल होतात.

गवंडी ओटा बांधताना पाणसळ लावतो. पण साऱ्या देशाची उंच-सखल जागा मोजायची तर? त्यासाठी कायमच्या खुणा लागतात. अशाच एका खुणेची माहिती आज वाचू या.

इंग्लंडात गावोगावी जुनी दगडी चर्चे आहेत. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. कित्येक चर्चे सात-आठशे वर्षांची आहेत. त्यांतल्या पुष्कळ चर्चांच्या भिंतीवर, जमिनीपासून हात-दीड हातावर, एक आडवी रेघ कोरलेली आढळते. तिच्याखाली तीन रेघांचा बाण असतो. बाणाचे टोक वर, रेघेकडे.

ही खूण धर्माची नव्हे, मोजणीची आहे. तिला बेंचमार्क म्हणतात. मराठीत तलचिन्ह. बेंच म्हणजे बाक. मोजणीदार त्या खाचेत लोखंडी कोन बसवीत आणि त्या बाकावर मोजपट्टी उभी करीत. म्हणून हे नाव पडले. बाण ही तिथल्या सरकारी मालकीची जुनी निशाणी.

खूण चर्चवरच का? घर पडते. झाड वठते. रस्ता रुंद केला की कडेचा दगड हलतो. पण चर्चचा पाया पक्का, भिंत जाड, आणि गाव ते सहसा पाडीत नाही. पूल आणि घरे यांवरही खुणा केल्या. साऱ्या देशात मिळून त्या सुमारे ५ लाख झाल्या.

आता उंची मोजायची कुठून? समुद्रापासून. पण समुद्राला भरती-ओहोटी असते. म्हणून न्यूलिन नावाच्या बंदरात १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षे पाण्याची पातळी टिपली. तिची सरासरी काढली. ती पातळी म्हणजे शून्य.

हिशेब सोपा आहे. समजा, चर्चवरची खूण ५० मीटर उंचीवर आहे. तिच्यावर मोजपट्टी धरली. दुर्बिणीतून आकडा दिसला २. म्हणजे दुर्बीण ५२ मीटरवर. मग पट्टी शेतात नेली. आकडा दिसला १. म्हणजे शेत ५१ मीटरवर, खुणेपेक्षा १ मीटर उंच. चर्चजवळचे पाणी आपोआप त्या शेतात चढणार नाही!

आपल्या देशातही अशी मोजणी झाली. मुंबई धरून नऊ बंदरांत समुद्राची पातळी पाहिली. १९०९ साली त्या मोजणीचा मेळ पुरा झाला. आपल्याकडच्या अशा दगडांवर इंग्रजीत 'जी. टी. एस.' आणि 'बी. एम.' ही अक्षरे असतात.

मी हेडमास्तर असताना शाळेच्या आवारात असा एक दगड होता. ओटा बांधायला आलेल्या गड्याने त्यावर पहार उगारली. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा ओरडला, "काका, थांबा! त्याच्यावर काहीतरी लिवलंय!" पहार थांबली. दगड वाचला. पोराने अक्षरे वाचली, म्हणून तो वाचला.

आज उपग्रहांच्या मदतीने उंची काढता येते. इंग्लंडात अशी कोरलेली शेवटची खूण १९९३ सालची. जुन्या खुणांची देखभाल आता होत नाही. घरे पाडली, तशा पुष्कळ खुणा गेल्या. चर्चांवरच्या मात्र बऱ्याच टिकून आहेत.

बाबांनो, आता तुम्हांला वाचता येते. कुठलाही जुना दगड फोडण्याआधी त्याच्यावर काय लिहिले आहे, ते पाहा. खूण एकदा गेली की तिच्यामागचे कष्टही गेले.

प्रश्न
१. मोजणीच्या खुणेसाठी चर्चची भिंत का निवडली?
२. खूण ५० मीटरवर आहे. खुणेवर पट्टीचा आकडा १ आणि शेतात ३ दिसला. शेत उंच की सखल? किती मीटरने?
३. तुमच्या गावात अक्षरे कोरलेला दगड आहे का? त्यावर काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.